कोंबडीच्या जंतूचा सातबारा

मागच्या हिवाळ्यात आमच्या मामेभावाच्या, म्हणजे गजूच्या पोल्ट्रीत मरतुक वाढली. तीन हजारांची शेड, पिल्लं बावीस दिवसांची. आधी दिवसाला सात-आठ जात होती, मग वीस, आणि एका पहाटे त्यानं शेडमधून साठ पक्षी उचलले. थंडीमुळे पडदे रात्रभर पाडलेले, आत गॅस इतका साचलेला की डोळे चरचरावेत. डॉक्टरांनी बाहेरच्या ओट्यावर चार पक्षी फाडून दाखवले. कलेजीवर पांढरट पापुद्रा, सायीसारखा बोटानं सोलून निघणारा. हृदयावरही तसाच. ‘इकोलाय,’ ते म्हणाले, म्हणजे ई. कोलाय हा जंतू.

गजूनं पाण्यातून एन्रोफ्लॉक्सासिन सोडलं. आदल्या लॉटला याच औषधानं तिसऱ्या दिवशी उतार पडला होता. या वेळी पाच दिवस गेले, टाकीत बाटलीमागून बाटली रिकामी झाली, मरतुक तीच. मग दुकानदाराच्या सल्ल्यानं टेट्रासायक्लिन. मग आणखी एक. शेवटी मला फोन.

‘तुमी कॉलेजात जंतूच शिकवता ना भाऊ? मंग सांगा, औषध बदलून बदलून पाह्यलं तरी हा जंतू काऊन मरत नाई?’

मी तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे नातेवाइकांत माझी गाठ असल्याच प्रश्नांशी पडते. गजूच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर एका ताटलीत मिळतं. उरलेल्या अर्ध्यासाठी जंतूच्या पोटातली वही वाचावी लागते. त्या वहीला जीनोम म्हणतात आणि ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचण्याला जीनोम सिक्वेन्सिंग.

आधी ताटली. गजूनं मेलेला पक्षी बर्फ घातलेल्या चहाच्या थर्मासमध्ये कोंबून मोटरसायकलनं आणला होता. (तो थर्मास आमच्या घरचा होता, हे मला नंतर कळलं.) कलेजीत सळई तापवून टोचली, आतून कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतलं आणि ते मॅकॉन्की नावाच्या खाद्यावर फिरवलं. हे खाद्य म्हणजे जंतूंसाठी केलेली थिजवलेली खीर समजा. रात्रभर ३७ अंशांच्या उबेत ठेवलं की सकाळी ई. कोलायचे गुलाबी ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे एकाच जंतूची कोट्यवधींची औलाद, कारण सगळं मनासारखं असलं तर हा जीव वीस मिनिटांत एकाचे दोन होतो.

त्यातला एक ठिपका उचलायचा, दुसऱ्या ताटलीवर पातळ सारवायचा आणि वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल चक्र पडतं. चांगल्या औषधाचं चक्र पंचवीस-तीस मिलिमीटर भरतं. गजूच्या कोंबडीच्या ताटलीत सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला जंतू अगदी टेकून उगवले होते. अशा वेळी वहीत ‘६’ लिहितात, कारण चकतीच ६ मिलिमीटरची असते. म्हणजे चक्र शून्य. टेट्रासायक्लिन, सहा. अॅम्पिसिलिन, सहा. सल्फाची चकती, तीही सहा.

सिप्रो कशाला तपासलं, ते तर माणसाचं औषध, असं कुणी विचारेल. एन्रोफ्लॉक्सासिन जनावराच्या अंगात गेलं की त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्येच बदलतो. दोघं एकाच घरातले. कोंबडीला दिलेल्या एन्रोला जो जंतू पचवतो, तो आपल्या दवाखान्यातल्या सिप्रोलाही बहुतेक पचवतोच. अमेरिकेनं २००५ साली कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं ते याच धाकानं. तिथं माणसाला जुलाब लावणारा कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू या औषधाला दाद देईनासा झाला होता.

ताटली सांगते की औषध चालत नाही. का चालत नाही आणि ही ताकद जंतूकडे कुठून आली, हे ती सांगत नाही. ते वहीत असतं.

ई. कोलायची वही फक्त चार अक्षरांत लिहिलेली आहे: ए, टी, जी, सी. या जंतूचा प्रयोगशाळेतला एक सोज्वळ भाऊ १९९७ साली पूर्ण वाचून झाला तेव्हा अक्षरं भरली ४६ लाख ३९ हजार २२१. पानावर दोन हजार अक्षरं छापली तर तेवीसशे पानांचा ग्रंथ. माणसाची वही ३०० कोटी अक्षरांची, त्यापुढे हे काहीच नाही. तरी गंमत बघा, हा धागा सरळ ताणला तर दीड मिलिमीटर भरतो आणि ज्या जंतूत तो मावतो त्याची लांबी मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाइतकी. एवढा दोर एवढ्याशा जागी ठेवायचा तर त्याला सतत पीळ द्यावा लागतो आणि सोडवावा लागतो. चऱ्हाट वळणाऱ्याला ही अडचण माहीत आहे: पीळ जास्त झाला की दोर स्वतःवरच गुंडाळतो. जंतूकडे हे काम करणारं एक प्रथिन आहे, गायरेज. सिप्रो आणि एन्रो नेमकं या गायरेजला धरून ठेवतात. दोर गुंततो, तुटतो, जंतू मरतो.

आता वहीत गायरेजची कृती लिहिलेल्या ठिकाणी, त्र्याऐंशीव्या घटकाच्या जागी, टी-सी-जी अशी तीन अक्षरं असतात. त्यातलं मधलं सी चुकून टी झालं की प्रथिनाचा तेवढाच एक मणी बदलतो आणि औषधाची पकड सैल होते. ४६ लाखांतलं एक अक्षर! अशी आणखी एक-दोन अक्षरं बदलली की सिप्रोची चकती सहावर येते.

या बदलाला जीवशास्त्रात म्युटेशन म्हणतात. मला इथं नेहमी पटवारी आठवतो. वावर बापाच्या नावावरून लेकाच्या नावावर झालं की पटवारी फेरफार घेतो, आणि इंग्रजीत महसूल खातं त्या फेरफारालाही म्युटेशनच म्हणतं. सातबाऱ्यावर एकदा फेरफार चढला की तो पुढच्या वारसांकडे जातो, शेजाऱ्याकडे नाही. जंतूचंही तसंच. गायरेजमधला फेरफार त्या जंतूच्या औलादीकडे जाईल. ती स्थावर मालमत्ता.

पण जंतूकडे जंगम मालमत्ताही असते आणि खरं दुखणं तिथं आहे.

मुख्य दोरापासून वेगळी अशी एक छोटी बांगडी जंतूत फिरत असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. तिच्यावर औषधाला हाणून पाडणारे जीन, म्हणजे प्रथिनांच्या कृती, बसलेले असू शकतात. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो आणि बांगडीची नक्कल त्याच्या हवाली करतो. दुसरा त्याच्या जातीचाच असायला पाहिजे असंही नाही. बुधवारच्या बाजारात गोऱ्हा जसा एका गावातून दुसऱ्या गावात जातो, तसं औषधरोधक हत्यार ई. कोलायकडून साल्मोनेला नावाच्या जंतूकडे जातं. हे पहिल्यांदा जपान्यांच्या लक्षात आलं. तिथं आमांशाचे जंतू एकाच वेळी सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना जुमानत नव्हते. एक-एक फेरफार होत चार औषधं एकदम निकामी कशी होतील, हे कोडं होतं. १९५९ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की चारही हत्यारं ई. कोलायकडून आमांशाच्या जंतूकडे एकगठ्ठा जातात.

एकगठ्ठा हा शब्द लक्षात ठेवा. गजूच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे, फक्त ते सिद्ध करायला वही वाचावी लागते.

वाचतात कशी? ठिपक्यातले जंतू फोडायचे, प्रथिनं काढून टाकायची, वर थंडगार अल्कोहोल सोडायचं. नळीत पांढरे तंतू तरंगायला लागतात, बोंडातून ओढलेल्या कापसाच्या पेळूसारखे. विद्यार्थ्यांना हा क्षण मी दरवर्षी दाखवतो आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, ‘सर, पऱ्हाटी!’ तो डीएनए, म्हणजे वही लिहिलेला धागा.

पुढचं यंत्र आमच्या कॉलेजात नाही. एक प्रकारची यंत्रं डीएनएचे बारीक तुकडे करतात आणि दीडशे-तीनशे अक्षरांचा एकेक तुकडा वाचतात. एकाच ग्रंथाच्या पन्नास प्रती घ्या, सगळ्या टराटरा फाडा आणि कुठल्या तुकड्याचा शेवट कुठल्या तुकड्याच्या सुरुवातीशी जुळतो ते पाहत ग्रंथ पुन्हा जोडा. माणसाला जन्म पुरणार नाही, कॉम्प्युटरला तासभर लागतो. शंभर-दोनशे जंतू एकदम वाचायचे असले तर प्रत्येकाच्या तुकड्यांना आधी एक खुणेचा तुकडा जोडतात. ढोराच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला मारतात ना, तसाच. मग सगळी मिसळ यंत्रात घालायची आणि शेवटी बिल्ला पाहून ज्याचं त्याला द्यायचं.

यात एक मेख आहे. भजनाच्या वहीचे तुकडे केले आणि दर कडव्यानंतर येणारं ध्रुपद प्रत्येक वेळी तेच असलं, तर नुसतं ध्रुपद असलेला तुकडा कुठं लावायचा? जंतूच्या वहीत अशी ध्रुपदं पुष्कळ असतात. आणि ती नेमकी औषधरोधक जीनांच्या मागं-पुढंच असतात, कारण उडी मारून जागा बदलणारे तेच तुकडे या जीनांना सोबत घेऊन फिरतात. त्यामुळे छोट्या तुकड्यांवरून कळतं की चार हत्यारं आहेत, पण ती एकाच गाडीत भरली आहेत की चार ठिकाणी, हे पुष्कळदा कळत नाही.

त्यावर दुसऱ्या प्रकारचं यंत्र निघालं, नॅनोपोर. पातळ पडद्यात प्रथिनाचं अतिसूक्ष्म छिद्र, त्यातून डीएनएचा धागा ओढला जातो, आणि जी अक्षरं छिद्रातून सरकतात त्यानुसार तिथला विजेचा प्रवाह कमी-जास्त होतो. त्या चढउतारावरून अक्षर ओळखायचं. हजारो अक्षरं सलग वाचली जातात, कडवं-ध्रुपद-कडवं एका दमात. यातलं सगळ्यात छोटं यंत्र खिशात मावतं आणि लॅपटॉपला लावता येतं. लोडशेडिंगचं मात्र आपलं आपण पाहायचं.

वाचून झालं की ती अक्षरं माहीत असलेल्या औषधरोधक जीनांच्या याद्यांशी ताडून पाहतात. अशा याद्या जगभरासाठी खुल्या आहेत, कुणीही वापरू शकतं. अशा वाचनात पोल्ट्रीतल्या जंतूंच्या एकाच प्लाझ्मिडवर टेट्रासायक्लिनला बाहेर फेकणारा पंप, सल्फाला दाद न देणारं प्रथिन आणि पेनिसिलिनच्या घराण्याला तोडणारा जीन ओळीनं बसलेले सापडतात. कधी सिप्रोपासून गायरेजला झाकणारा जीनही त्याच ओळीत असतो.

आता गजूकडे येऊ. समजा त्याच्या जंतूकडे अशी भरलेली गाडी, म्हणजे असं प्लाझ्मिड, आहे. त्यानं एन्रो दिलं, गाडीवाले जगले, बिनगाडीचे मेले. मग त्यानं टेट्रासायक्लिन दिलं. गाडीत त्याचंही हत्यार आहे, म्हणून गाडीवाले पुन्हा जगले, आणि सोबत एन्रोचं हत्यारही जगलं. कुठलंही एक औषध दिलं तरी चारही हत्यारं सांभाळली जातात. औषध बदलणं म्हणजे त्याच गाडीचं दुसरं चाक वंगणणं. मी हे त्याला असंच सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘म्हंजे मी तिन्ही बाटल्यायचे पैसे त्यालेच देल्ले.’

वही एकदा वाचून ठेवली की ती पुन्हा उघडता येते, हा ताटलीपेक्षा मोठा फायदा. कोलिस्टिन हे औषध घ्या. बाकी सगळं हरलं की माणसाला देतात ते, आणि जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात वजन वाढायला मिसळत होते तेही हेच. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की कोलिस्टिनला निकामी करणारा जीन प्लाझ्मिडवर, म्हणजे जंगम मालमत्तेत, सापडला आहे. त्याचं नाव एमसीआर-१. त्यांनी तपासलेल्या ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये तो होता, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये होता आणि दवाखान्यातल्या १,३२२ माणसांपैकी १६ मध्ये. बातमी येताच डेन्मार्कवाल्यांनी आधीच वाचून ठेवलेल्या सुमारे तीन हजार वह्यांत हा जीन शोधला. नवा नमुना नाही, नवी ताटली नाही, नुसता कॉम्प्युटरवर शोध. एका रुग्णाच्या रक्तातल्या जंतूत आणि बाहेरून आलेल्या कोंबडीच्या मांसातल्या पाच जंतूंत तो निघाला. त्यातले काही २०१२ पासूनचे. पाहुणा घरात येऊन बसला होता, नाव माहीत नव्हतं इतकंच.

चीननं २०१७ मध्ये वजनवाढीसाठी कोलिस्टिन देणं बंद केलं आणि त्यानंतर तिथं हा जीन डुकरांत आणि माणसांतही ठळक उतरला. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं खाण्यासाठी पाळलेली जनावरं, कोंबड्या, मासे आणि त्यांचं खाद्य या सगळ्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. माझ्या मते आपल्याकडच्या कागदी बंद्यांत ही खऱ्या कामाची.

इथं एक घोळ निस्तरला पाहिजे, कारण लग्नाच्या पंगतीतही लोक तो करतात. ‘बॉयलरमध्ये औषध असते, खाऊ नका,’ हा एक मुद्दा. मांसात उरलेलं औषध. त्यासाठी बाटलीवर लिहिलेलं असतं की शेवटच्या मात्रेनंतर इतके दिवस पक्षी विकू नका, आणि ते पाळलं तर तो प्रश्न मिटतो. औषधरोधक जंतू हा वेगळा मुद्दा. औषध अंगातून निघून गेलं तरी जंतू मागं राहतो. तो शिजवल्यावर मरतो, आणि सावजीच्या गंजात तासभर रटरटलेल्या रश्श्यात तर कुणीच जगत नाही. भीती रश्श्याची नाही. ज्या पाटावर कच्ची कोंबडी कापली त्याच पाटावर, न धुता, वरून घ्यायचा कांदा चिरला, त्याची आहे. आणि तुसासकट काढलेलं कोंबडखत न कुजवता सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यात टाकलं, त्याचीही.

सिक्वेन्सिंगच्या नावानं फार मोठ्या गोष्टी बोलणाऱ्यांपासून मी जरा लांब राहतो. दोन जंतूंच्या वह्यांत किती अक्षरं वेगळी आहेत हे मोजून ते सख्खे की चुलत हे सांगता येतं. ई. कोलाय किंवा साल्मोनेलाच्या एका वंशात वर्षाला साधारण एखाद-दुसरं अक्षर बदलतं, म्हणून कोंबडीतला आणि रुग्णातला जंतू चार-पाच अक्षरांनीच वेगळे असले तर त्यांचा आजा अलीकडचाच. पण कोण कुणाकडून आला हे नुसत्या अक्षरांवरून ठरत नाही. शेडमधून माणसाला गेला असेल, माणसाकडून शेडमध्ये गेला असेल, दोघांनी एकाच नाल्याचं पाणी प्यायलं असेल. त्यासाठी कोण कुठं होतं, काय खाल्लं, हे विचारत फिरावंच लागतं. जीन वहीत असून मुका, म्हणजे काम न करणारा, असू शकतो. आणि २०१९ मध्ये इंग्लंडच्या पूर्व भागात फार्मवरचे आणि दवाखान्यातल्या रुग्णांच्या रक्तातले ई. कोलाय असे शेजारी ठेवून वाचले, तेव्हा बहुतेक वंश वेगवेगळेच निघाले. आपल्या भागात तसंच निघेल असं नाही, इथं कोंबड्या, माणसं आणि नाल्या जास्त जवळ आहेत. पण वाचण्याआधीच पोल्ट्रीवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं बरोबर नाही. सर्दीला दोन गोळ्या अॅझिथ्रोमायसिन मागून नेणारे आपणही त्याच बाजारात गोऱ्हे सोडतो.

कास्तकाराला हे सगळं कधी हाताशी येईल? नागपुरात पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, अकोल्याला पशुवैद्यक संस्था आहे, आणि नागपुरातच राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेचं भूमिपूजन डिसेंबर २०२२ मध्ये झालं. माणूस, जनावर आणि परिसर यांचे रोग एकाच छपराखाली पाहण्यासाठी ती आहे. पण गजूच्या तीन हजार पक्ष्यांसाठी आज चकतीची ताटलीच खरी. ती दोन-तीन दिवसांत सांगते की कुठल्या बाटलीवर पैसे घालू नये. सिक्वेन्सिंग हे एका शेडसाठी नसून शंभर शेडच्या जंतूंचं एकत्र रजिस्टर ठेवण्यासाठी आहे, म्हणजे नवी गाडी बाजारात आली की ती पहिल्या आठवड्यात दिसावी.

त्या लॉटमध्ये गजूला तोटाच झाला. ताटलीचं उत्तर येईपर्यंत निम्मं नुकसान होऊन गेलं होतं. पुढच्या लॉटला त्यानं रात्री पडदे वरून हातभर उघडे ठेवले, तूस रोज खालवर केलं, पाण्याच्या नळ्या आतून धुतल्या. आणि या जूनमध्ये, एका दिवसात बारा पक्षी गेल्याबरोबर, कुठलीही बाटली न उघडता तो सकाळी सातला दारात हजर. हातात तोच थर्मास. त्यावर बायकोनं तेव्हाच मार्करनं ठळक लिहून ठेवलं आहे: ‘चहासाठी नाही.’